इन्स्टॉलरची जडणघडण (७) : मराठी कुठे गेली?

आज डिस्कच्या पार्टिशनवर लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या रविवारवर ढकलतो, कारण साताऱ्याच्या एका शिक्षक वाचकांचा प्रश्न बाजूला सारून पुढे जाववेना. शाळेच्या संगणकावर ते डेबियन बसवत होते. भाषांच्या यादीत मराठी नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याच पेनड्राइव्हवरून शेजारचा संगणक सुरू केला, तर यादीत मराठी हजर! मग आदल्या दिवशी ती गेली कुठे?

ती कुठेच गेली नव्हती. सुरुवातीच्या मेनूत दोन ओळी असतात, 'ग्राफिकल इन्स्टॉल' आणि नुसतं 'इन्स्टॉल'. पहिल्या दिवशी दुसरी ओळ निवडली गेली असणार. ती ओळ घेऊन जाते निळ्या पार्श्वभूमीवरच्या राखाडी चौकटींकडे, म्हणजे टेक्स्ट कन्सोलवर. कन्सोल प्रत्येक अक्षराला ठरावीक मापाचा चौकोन देतो आणि अक्षरं आली तशी ओळीने मांडत जातो. देवनागरी या शिस्तीत बसत नाही. 'कि' साठवताना आधी क आणि मग वेलांटी, पण दिसताना वेलांटी आधी. 'त्र' म्हणजे त, हलन्त आणि र असे तीन संकेत, दिसायला मात्र एकच आकृती. ही जुळणी पँगोसारखी लायब्ररी करते, आणि ती जीटीकेच्या ग्राफिकल पडद्यामागे असते. मोडकीतोडकी मराठी दाखवण्यापेक्षा टेक्स्ट पडद्यावर तिचं नावच यादीत येऊ द्यायचं नाही, हा निर्णय मला योग्य वाटतो. हिंदी, गुजराती, कन्नड यांचंही तेच.

आता आपल्या विषयाशी याचा संबंध. ग्राफिकल इन्स्टॉलर डेबियन ४.० मध्ये, २००७ साली आला. मराठी आली ५.० मध्ये, २००९ साली. त्यासाठी दुसरा इन्स्टॉलर लिहावा लागला का? नाही. २००२ च्या वूडी आवृत्तीपर्यंत बूट-फ्लॉपीज नावाचा एकसंध इन्स्टॉलर होता. एका जागी हात लावला की दुसरीकडे काहीतरी निसटायचं. त्याच्या जागी जोई हेस आणि सहकाऱ्यांनी सुट्या मॉड्यूलांचा इन्स्टॉलर उभा केला, आणि २००५ च्या सार्जमध्ये तो सगळ्यांच्या हाती आला. प्रत्येक मॉड्यूल म्हणजे एक 'उदेब', नेहमीच्या डेब पॅकेजचा हलका भाऊ. इथवर नियमित वाचकांना ठाऊक आहे. मला आज दाखवायचा आहे तो याहून बारीक सांधा.

या मॉड्यूलांना पडदा दिसतच नाही. नेटवर्कच्या मॉड्यूलला यंत्राचं नाव हवं असेल, तर ते सी-डेबकॉन्फ नावाच्या मध्यस्थाशी साध्या मजकुराच्या ओळींत बोलतं. 'इनपुट' म्हणजे हा प्रश्न रांगेत लाव, 'गो' म्हणजे आता विचार, 'गेट' म्हणजे उत्तर दे. प्रश्न कसा रंगवायचा ते मध्यस्थाचा फ्रंटएंड ठरवतो, आणि फ्रंटएंड हाही एक प्लगइनच : न्यूट, जीटीके किंवा अगदी साधा टेक्स्ट. वापरणाऱ्याने 'मागे जा' दाबलं तर 'गो'ला उत्तर मिळतं ३०. बटण कुठल्या पडद्यावर होतं, याची मॉड्यूलला खबर नसते. मी पहिलं मॉड्यूल लिहिलं तेव्हा स्क्रिप्टमधून प्रश्न सरळ पडद्यावर छापला होता. मध्यस्थाने तो आज्ञा समजून वाचायचा प्रयत्न केला आणि सगळं अडकलं. त्या दोन दिवसांत हा सांधा जितका समजला, तितका कुठलंही दस्तऐवजीकरण वाचून समजला नसता.

पडदा अजिबात नसला तरी चालतं, ही याच सांध्याची दुसरी कमाई. उत्तरं आधीच एका प्रीसीड फाइलमध्ये लिहून ठेवा. मध्यस्थ तिथून उत्तर उचलतो, मॉड्यूलमधली एक ओळही बदलत नाही, आणि प्रयोगशाळेतले चाळीस संगणक कुणी समोर न बसता तयार होतात.

गेल्या वेळच्या कॅलामारेस इन्स्टॉलरशी ताडून पाहा. तिथे सांधा 'दाखवणं' आणि 'करणं' यांच्यामध्ये आहे. दाखवणारं मॉड्यूल आपलं क्यूटीचं पान स्वतःच रंगवतं. पानं देखणी होतात, आपल्या वितरणाचे रंग चढवणं सोपं जातं, म्हणून मांजारोपासून लुबुंटूपर्यंत अनेकांनी तो स्वीकारला. पण ते पान टेक्स्ट कन्सोलवर नेता येत नाही. नवा इन्स्टॉलर बांधायला कुणी बसणार असेल तर माझा कौल डेबियनच्या सांध्याला आहे. प्रश्न आणि त्याचा चेहरा पहिल्या दिवशीच वेगळे करा, नंतर ते सुटत नाहीत.

साताऱ्याच्या गुरुजींना आणि सगळ्यांनाच एक विनंती. पुढच्या वेळी 'ग्राफिकल इन्स्टॉल' निवडा, मराठी घ्या आणि प्रत्येक प्रश्न नीट वाचा. एखादा शब्द खटकला किंवा वाक्य कळलं नाही, तर तो पडदा टिपून डेबियनच्या मराठी अनुवादकांना कळवा.