वाटेवर सापडलेले

पंढरीच्या वाटेवर ज्ञानेश्वर महाराजांची पालखी मुक्कामाला पोहोचली म्हणजे दिवसाची मजल संपते, पण दिवस संपत नाही. पालखीतळाच्या विस्तीर्ण माळावर एकेक दिंडी येऊन उभी राहते, शेकडो टाळांचा एकच गजर आसमंत व्यापून टाकतो, आणि तो अगदी शिगेला पोहोचला असता चोपदार आपला चोप उंच उभारतात. त्यासरशी सारा समाज निःशब्द होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिने मात्र आपले टाळ वाजवीत राहावे, असा शिरस्ता आहे. चोपदार त्या आवाजाच्या रोखाने जातात आणि गाऱ्हाणे ऐकून घेतात. मग वाटेत कोणाचे काय हरवले व कोणाला काय सापडले याचा पुकारा होतो, ज्याची वस्तू त्याच्या हाती जाते, आणि त्यानंतरच आरतीस प्रारंभ होतो. ही समाजआरती मी प्रथम पाहिली तेव्हा माझ्या शेजारी आमच्याच दिंडीतली एक परदेशी विद्यार्थिनी उभी होती. आरती संपल्यावर तिने मोडक्यातोडक्या मराठीत मला विचारले, "सापडलेली वस्तू सगळे परत देतात?" मी "देतात" म्हणालो, पण त्या प्रश्नाने माझ्या मनात जे घर केले ते आजतागायत सुटलेले नाही.

आपल्या देशात दरवर्षी लक्षावधी परदेशी प्रवासी येतात. ताजमहाल, अजिंठ्याची लेणी, काशीचे घाट पाहून ते तृप्त मनाने परततात, आणि त्या तृप्तीला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु डोळ्यांनी घेतलेले फार काळ टिकत नाही. जो प्रवासी येथील माणसांच्या पंक्तीला बसतो, त्यांच्या पावलाने चालतो, त्यांच्या भाषेत अडखळतो आणि आपल्या भुकेचा व निवाऱ्याचा भार काही दिवस त्यांच्यावर टाकून निर्धास्त होतो, त्याच्या प्रवासाचे फळ आयुष्यभर पुरते. आणि मला विशेष वाटते ते हे, की त्या फळाचा वाटा यजमानालाही मिळतो.

अशा प्रवासाचे वारीइतके चांगले उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरांचे अंतर, वाटेतील मुक्काम धरून, अठरा-वीस दिवसांत पायी तोडायचे. या सोहळ्याला आजची शिस्त लावली ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदारकी केलेल्या या पुरुषाने लष्करी बंदोबस्ताची सारी जाण माउलींच्या सेवेला लावली. म्हणूनच दिंडीला क्रमांक असतो, तिची जागा ठरलेली असते. पुढे पताकाधारी, मागे टाळकरी व मृदंगी, त्यांच्यामध्ये वीणेकरी, डोईवर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया, हा क्रम मोडत नाही. जेवणखर्चासाठी प्रत्येकाने भिशी भरायची आणि वाट्याला येईल ते काम करायचे. परक्या देशाहून आलेल्या माणसालाही या व्यवस्थेत निराळा दर्जा मिळत नाही. त्याचे नावसुद्धा कोणी विचारत नाही, कारण वारीत सर्वांचे नाव एकच, माउली.

ती विद्यार्थिनी पहिले काही दिवस वही घेऊन टिपणे काढीत असे. दिवेघाट चढून सासवड गाठले, जेजुरीला भंडाऱ्याने सारे पिवळे झाले, आणि वाल्ह्याच्या मुक्कामी परभणीकडच्या एका म्हाताऱ्या आजींनी तिच्या हातातली वही काढून घेऊन तिला परातीपुढे बसविले. पोरीची पहिली भाकरी परातीलाच चिकटली. "माउली, खाली पीठ टाक की जरा, अन् बोटं हलकी ठेव," असे म्हणत आजींनी तिचा पंजा आपल्या हाताखाली घेतला आणि भाकरी फिरवीत फिरवीत थापून दाखविली. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात कसा फिरवायचा, हेही दाखविले. चौथी भाकरी फुगली तेव्हा आसपासच्या बायांनी टाळ्या पिटल्या. वही तिला परत मिळाली, पण पुढच्या मुक्कामांना ती संध्याकाळी वहीआधी परात शोधू लागली.

प्रवासाचा हा संस्कार केवळ परदेशीयांवर होतो असेही नाही. जर्मनीत मानववंशशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या इरावती कर्वे वारीत चालल्या आणि 'परिपूर्ती'तील 'वाटचाल' हा लेख त्यांनी लिहिला. एकाच दिंडीत एकत्र भजन करणाऱ्या ब्राह्मण व मराठा बाया जेवायला मात्र वेगळ्या बसतात, हे शल्य त्यांनी लपविले नाही. आणि पंढरीला जाणाऱ्या माणसांवरूनच महाराष्ट्राची ओळख पटते, हेही त्यांना त्याच वाटेवर उमगले. संस्कृतीत बुडी मारणाऱ्याला तिच्यातला गाळही हाताला लागतो. तो पाहूनही ज्याचे प्रेम आटत नाही, त्याचेच ज्ञान विश्वसनीय.

परदेशाहून येऊन या मातीत अशी बुडी मारणारेही पुष्कळ झाले. गी देल्युरी हे फ्रेंच जेझुइट धर्मोपदेशक. त्यांनी तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले, ते पुस्तक १९५६ साली निघाले. विठ्ठल संप्रदायावरील त्यांचा प्रबंध पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६० साली प्रसिद्ध केला. गुंथर सोंथायमर हे जर्मन पंडित मूळचे हिंदू कायद्याचे अभ्यासक. परंतु पुण्याच्या मुलखात वावरता वावरता ते धनगरांच्या वाड्यांवर जाऊन बसू लागले, ध्वनिमुद्रक लावून त्यांच्या ओव्या टिपू लागले, आणि बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांच्यावरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ साली अवतरला. ज्या देवतांकडे आमचे शिकलेले लोक गावंढळ म्हणून पाठ फिरवीत होते, त्या हायडेलबर्गच्या विद्यापीठात सन्मानाने अभ्यासल्या जाऊ लागल्या. गी प्वातव्हँ या मूळच्या फ्रेंच गृहस्थांनी हेमा राईरकर यांच्यासमवेत गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात पडली, आणि आमच्या आज्यापणज्यांचा तो पहाटेचा स्वर आमच्या नकळत विरत चालला होता. तो या दोघांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जपून ठेवला.

पालखी लोणंद, तरडगाव मागे टाकून फलटणला येते. १९६०च्या दशकात मॅक्सीन बर्नसन ही अमेरिकन तरुणी या गावी आली ती तेथील बोलीचा अभ्यास करण्यासाठी. प्रबंध पूर्ण झाला, पण तिचे पाऊल तेथून निघाले नाही. १९७८ साली तिने भारताचे नागरिकत्व स्वीकारले, दलित वस्तीतील शाळेपासून तुटलेल्या मुलांना अक्षरओळख करून देण्याचे काम हाती घेतले, आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. जिचे नाव या शाळेला दिले ती कमलाबाईही जन्माने अमेरिकन; लग्न होऊन या देशात आली आणि १९५० साली मुंबईत व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू करून या शास्त्राचा येथे पाया घातला. कमलाबाईंची सून व इरावतीबाईंची कन्या जाई निंबकर यांनी मॅक्सीनबाईंबरोबर परभाषकांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके सिद्ध केली. पुण्यात कुटुंबांमध्ये राहून मराठी शिकण्यासाठी आलेल्या कित्येक अमेरिकन विद्यार्थ्यांना मॅक्सीनबाईंनीच आमची भाषा शिकविली. पाहुणी म्हणून आलेली बाई अशी दुसऱ्या पाहुण्यांसाठी दार उघडून उभी राहिली.

ज्यांना कोणा परदेशी मित्राला आपला देश दाखवायचा आहे त्यांना माझी विनंती एवढीच, की दहा शहरांचा तपशीलवार कार्यक्रम आखण्यापेक्षा त्याला एकाच वाटेवर पुरेसे दिवस चालू द्यावे. निघण्यापूर्वी त्याला शे-दोनशे मराठी शब्द शिकवावे, दिंडीप्रमुखाची परवानगी घेऊन भिशी आधी भरावी, आणि नदीवर स्नान करणाऱ्या बायाबापड्यांवर कॅमेरा रोखू नये हे त्याला निक्षून सांगावे. त्याला काम द्यावे, पाणी भरू द्यावे, तंबूची मेख ठोकू द्यावी. पाहुण्याला सदैव पाटावर बसवून ठेवणे हे आदरातिथ्य खरे, पण त्याने तो पाहुणाच राहतो.

समाजआरतीचा तो पुकारा मला आजही ऐकू येतो. धनगरांच्या ओव्या, जात्यावरचे शब्द, फलटणची बोली ही आमचीच चीजवस्तू, चालण्याच्या घाईत आमच्याच गाठोड्यातून वाटेवर पडलेली. दूरदेशीच्या कोणी ती वाकून उचलली, धूळ पुसली, आणि भर समाजात हात वर करून विचारले, ही कोणाची? त्या मुलीने मला तेव्हा विचारलेल्या प्रश्नाला मी घाईने उत्तर दिले होते. आज मी तिला एवढे अधिक सांगेन, की आमच्या वाटेवर चाललेल्या तुझ्यासारख्यांनी आम्हालाही आमचे पुष्कळ काही परत दिले आहे.