खुल्या बाजाराचे उजवे आणि खामगावचा कापूस

ऑगस्ट 2025 मध्ये आठवडाभराच्या अंतराने दोन निर्णय झाले आणि दोन्ही आमच्या कापसावर येऊन पडले. 19 ऑगस्टला दिल्लीने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ केलं. 27 ऑगस्टपासून वॉशिंग्टनने बहुतेक भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्क्यांवर नेलं. त्यात तयार कपडे आले, टॉवेल आले, चादरी आल्या. सप्टेंबरअखेर संपणारी आयातीची माफी पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली गेली, म्हणजे आमची वेचणी ऐन भरात असतानाचे सगळे महिने त्यात आले. मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7710 रुपये जाहीर झाला होता, पण खेडा खरेदीवाला त्याच्या खालचाच भाव बोलत होता.

त्या हंगामात जिनिंगच्या फाटकावर गाड्यांच्या रांगेत आमच्या गावचा एक शिकलेला पोरगा मला म्हणाला, "भाऊ, अमेरिकेतले उजवे तं खुल्या बाजारवाले होते ना? मंग हे काहून दार लावून रायले?"

प्रश्न त्याने मला विचारला, कारण मी शेतकरी संघटनेचा जुना कार्यकर्ता. छातीवर लाल बिल्ला लावून शरद जोशींच्या अभ्यास शिबिरांत बसलो, अर्थशास्त्राचा धडा तिथेच गिरवला. बाजार खुला असला तर कास्तकार उभा राहतो, हे मी तेव्हा मानलं आणि आजही मानतो. म्हणून त्या पोराला नीट उत्तर देणं मला भाग आहे.

अमेरिकेतला कंझर्व्हेटिव्ह विचार एकसंध कधीच नव्हता. आज तिथे उजवा म्हणवणारा रिपब्लिकन पक्ष अब्राहम लिंकनचा, आणि लिंकनच्या काळात तो उघडपणे आयात शुल्काचा पुरस्कर्ता होता. उत्तरेतल्या कारखानदारांना विलायती मालापासून संरक्षण हवं होतं. दक्षिणेतले मळेवाले कापूस इंग्लंडला विकायचे, त्यांना शुल्क नको होतं. पण तो कापूस गुलामांच्या घामावर पिकत होता, आणि 1861 मध्ये पेटलेलं यादवी युद्ध मुळात त्या गुलामगिरीवरून होतं.

त्या युद्धाने वऱ्हाड बदलला. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बसल्या आणि इंग्रजांची नजर आमच्या काळ्या जमिनीकडे वळली. खामगाव ही कापसाची मोठी पेठ झाली. 1865 मध्ये युद्ध संपलं तसे भाव कोसळले, मुंबईत प्रेमचंद रायचंदांसारखे सट्ट्याचे राजे बुडाले. पण पेठ टिकली. 1870 मध्ये जलंब ते खामगाव ही छोटी रेल्वे सुरू झाली आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. हजारो कोसांवरच्या राजकारणाने आमचा भाव ठरण्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली आहेत. अमेरिकेतल्या पक्षांचं भांडण आमच्या कामाचं नाही असं जे म्हणतात, त्यांनी जलंबच्या फलाटावर उभं राहून एकदा त्या रुळांकडे बघावं.

रिपब्लिकनांचं शुल्कप्रेम 1930 पर्यंत टिकलं. त्या वर्षी अध्यक्ष हूवर यांनी स्मूट-हॉली कायद्यावर सही केली. हजारो वस्तूंवरचं शुल्क वाढलं. कायदा सुरुवातीला शेतकऱ्याच्या नावाने निघाला होता, आणि त्याचा मोठा फटका शेतकऱ्यालाच बसला. इतर देशांनी उलट शुल्क लावलं आणि अमेरिकेची गव्हा-कापसाची निर्यात आटली. दुसऱ्या महायुद्धानंतर या पक्षाने हळूहळू कूस बदलली. मिल्टन फ्रीडमनसारखे अर्थशास्त्रज्ञ, 1964 मध्ये उभे राहून हरलेले बॅरी गोल्डवॉटर आणि 1981 मध्ये अध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन, या मंडळींनी मांडलेला विचार आपल्याला माहीत आहे: कर कमी, सरकार लहान, व्यापार खुला.

हे फ्रीडमन 1955 मध्ये दिल्लीला आले होते. अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. फ्रीडमनांनी सरकारला एक टिपण दिलं. रुपयाचा दर बाजाराला ठरवू द्या, परवान्यांचा जाच कमी करा, मोठमोठ्या कारखान्यांपेक्षा माणसांच्या शिक्षणात पैसा घाला, असा त्याचा रोख होता. ते मानलं गेलं नाही. त्याच वर्षी बी. आर. शेणॉय यांनी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेला असहमतीचं टिपण जोडलं, तेही बाजूला पडलं. 1959 च्या जानेवारीत काँग्रेसने नागपूरला सहकारी शेतीचा ठराव केला आणि त्याला विरोध म्हणून राजाजी, मिनू मसानी, एन. जी. रंगा यांचा स्वतंत्र पक्ष जन्मला. सरकारने शेतकऱ्याच्या जमिनीत आणि मालात किती हात घालावा, हा वाद आपल्याकडेही तितकाच जुना आहे.

शरद जोशींनी मात्र हे सगळं पुस्तकातून आमच्यावर लादलं नाही. स्वित्झर्लंडमधली टपाल संघाची नोकरी सोडून ते आले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि तोट्याचा हिशेब स्वतः मांडला. आम्हाला तो हिशेब लगेच पटला, कारण आमच्यावर एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. 1972 पासून महाराष्ट्रातला कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच विकायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. मलकापूरहून बऱ्हाणपूर हाकेच्या अंतरावर. तिथे मध्य प्रदेशात भाव चढा असला तरी स्वतःच्या रानातला कापूस सीमेपलीकडे नेणारा कास्तकार चोर ठरायचा. वाजपेयी, मनमोहनसिंग यांच्या आधी खुलीकरणाची गरज आम्हाला त्या नाक्यावर कळली. 1990 च्या दशकात डंकेल प्रस्तावाविरुद्ध देशभर मोर्चे निघत असताना जोशींनी त्याची बाजू घेतली, कारण आपलं सरकार शेतकऱ्याला अनुदान देत नाही, उलट भाव पाडून त्याच्याकडून वसुली करतं, हे त्यांना आकड्यांनी दाखवता येत होतं.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे येतो. खुल्या बाजाराचं बोलणारे अमेरिकेतले उजवे शेतीच्या बाबतीत स्वतःच्या विचाराला कधी पुरते जागले नाहीत. रेगन यांच्याच सरकारने 1983 मध्ये जमीन पडीक ठेवल्याबद्दल शेतकऱ्यांना सरकारी गोदामातलं धान्य मोबदला म्हणून दिलं. 1996 मध्ये रिपब्लिकन बहुमताच्या अमेरिकी संसदेने अनुदानं टप्प्याटप्प्याने कमी करणारा कायदा केला. भाव पडले आणि 2002 मध्ये बुश यांनी नव्या कायद्याने ती पुन्हा वाढवली. अमेरिकी कापसाच्या अनुदानांविरुद्ध ब्राझील जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि जिंकला. प्रकरण 2014 मध्ये मिटलं तेव्हा अमेरिकेने ब्राझीलला 30 कोटी डॉलर दिले. अनुदानं असतात म्हणून तिथला शेतकरी पडत्या भावातही पेरतो, आणि जगाचा भाव आणखी पडतो. त्याचा मार यवतमाळपासून बुलढाण्यापर्यंत बसतो.

आणि 50 टक्के शुल्क लावणाऱ्या ट्रम्प यांचा उजवेपणा तर दुसऱ्याच परंपरेचा, म्हणजे 1930 पर्यंतच्या शुल्कवाल्या रिपब्लिकनांचा आहे. 1992 मध्ये पॅट ब्युकॅनन यांनी पक्षात तो सूर पुन्हा लावला तेव्हा फार कोणी ऐकलं नाही. 2001 मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, ओहायो-मिशिगनमधले कारखाने बंद पडत गेले, आणि तिथल्या कामगाराला वाटलं की स्वस्त मालाची किंमत आपण मोजली. त्याचं दुःख खरं आहे. गावातली जिनिंग बंद पडली की काय होतं हे आम्ही पाहिलं आहे. पण औषध चुकीचं आहे. 2018 मध्ये ट्रम्प यांनी चीनवर शुल्क लावलं, चीनने अमेरिकी सोयाबीनवर लावलं आणि खरेदी ब्राझीलकडे वळवली. मग दोन वर्षांत 12 अब्ज आणि 16 अब्ज डॉलरच्या मदतीची पॅकेजं शेतकऱ्यांसाठी जाहीर करावी लागली. बाजार सरकारनेच तोडायचा आणि भरपाईही सरकारनेच वाटायची, यात शेतकरी कायमचा हात पसरणारा होतो. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही आमची घोषणा आयोवाच्या शेतकऱ्यालाही तितकीच लागू आहे.

म्हणून या दोन परंपरांपैकी मी जुन्या खुल्या बाजारवाल्यांकडे उभा आहे. तिथल्या जुन्या वळणाच्या उजव्यांनी, केटो इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांनी 2025 मध्येही या शुल्कांना विरोध केला, हे नोंदवलं पाहिजे.

आणि मला माझ्या सरकारशीही बोलायचं आहे. आयात शुल्क काढलं याची माझी तक्रार नाही. माझी तक्रार दार एकाच बाजूने उघडण्याबद्दल आहे. 2021 मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या आसपास गेलं, तर ऑगस्टमध्ये 12 लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. तेच जीएम सोयाबीन चिखली-मेहकरच्या कास्तकाराने पेरलं तर गुन्हा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सोयाबीनचे वायदे बंद केले, म्हणजे पुढचा भाव बघून पेरा ठरवायची सोय गेली. कापसात 2006 च्या बोलगार्ड-2 बीटीनंतर नव्या जीएम तंत्राला मंजुरीच नाही. 2019 मध्ये शेजारच्या अकोला जिल्ह्यात अकोली जहागीरला संघटनेने तणनाशक-सहनशील कपाशी जाहीरपणे पेरली, तर गुन्हे दाखल झाले. टेक्सासचा शेतकरी तेच तंत्र वापरून कापूस पिकवतो आणि 2025 च्या माफीत त्याची गाठ आमच्या गिरणीत बिनशुल्क आली. आमच्या बायाबापड्या मात्र पावसात वाकून निंदण करतात, आणि निंदणाची मजुरी खर्चात सगळ्यात आधी चढते.

खुला बाजार द्यायचा तर पुरा द्या: बियाणं निवडायचं स्वातंत्र्य, वायदे, आणि निर्यातबंदी कायमची हद्दपार. तोवर आयात खुली करायची तारीख वेचणीच्या तोंडावर ठेवू नका. येत्या खरिपाआधी आपल्या आमदार-खासदारांना, कोणत्याही पक्षाचे असोत, एवढं एक विचारा: अमेरिकेच्या शेतकऱ्याला जे बियाणं पेरायची मुभा आहे, ती मला कधी देणार?