स्वस्थ कोणास म्हणावें?

पत्राच्या आरंभीं ‘येथें सर्व क्षेम आहे’ असें लिहिण्याची आपल्या लोकांची जुनी चाल होती. पत्रें आतां फारशीं कोणी लिहीत नाहीं. परंतु दूरध्वनीवरही पहिला प्रश्न ‘प्रकृति कशी आहे?’ हाच असतो, आणि ‘बरी आहे’ हें उत्तर ठरलेलेंच. हें ‘बरी’ म्हणजे नेमकें काय, याचा विचार मात्र क्वचितच होतो. अंथरूण धरलें नाहीं, डॉक्टरांकडे जावें लागलें नाहीं, कीं मनुष्य निरोगी, असा आपला हिशेब असतो. तो किती अपुरा आहे, हें प्रस्तुत लेखांत दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या पालीस बहुतेक लोक बल्लाळेश्वराच्या दर्शनासाठीं येतात. कांहीं मात्र जवळच्या उन्हेरे येथील ऊन पाण्याच्या कुंडांत स्नान करण्यासाठीं येतात. सांधे धरलेलीं, त्वचेच्या विकारांनीं त्रासलेलीं माणसें त्या पाण्यांत उतरतात. उष्णतेनें आखडलेले सांधे मोकळे होतात, वेदना कमी होते, आणि तेवढ्यापुरतें तें सुख खोटें नाहीं. परंतु तेवढ्यावरून तो मनुष्य निरोगी झाला असें कोणी म्हणणार नाहीं. वेदना थांबणें ही एक गोष्ट आणि स्वास्थ्य ही दुसरी.

आपल्या भाषेनें हा भेद फार पूर्वीं ओळखिला आहे. ‘आरोग्य’ म्हणजे रोगाचा अभाव. ‘स्वस्थ’ म्हणजे जो आपल्या ठिकाणीं स्थिर आहे तो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत स्वस्थाचें जें लक्षण सांगितलें आहे, त्यांत दोष, अग्नि, धातु आणि मलांच्या क्रिया समतोल असाव्या ही पहिली अट आहे. पण ग्रंथकार तेथेंच थांबत नाहीं. आत्मा, इंद्रियें आणि मन हीं प्रसन्न असलीं पाहिजेत, अशी दुसरी अट तो घालतो. ‘प्रसन्न’ हा शब्द येथें विचार करण्याजोगा आहे. संस्कृतांत निवळलेल्या पाण्यासही प्रसन्न म्हणतात. पावसाळ्यांत आमच्या अंबा नदीचें पाणी गढूळ असतें. पाऊस सरला कीं गाळ खालीं बसतो व तळ दिसूं लागतो. मनाची प्रसन्नता ती हीच. सदोदित हंसत राहणें हा तिचा अर्थ नव्हे. क्षोभ झाला तरी कांहीं वेळानें मन पुन्हां निवळावें, एवढेंच तिचें मागणें आहे.

यानंतर कित्येक शतकांनीं, १९४६ सालीं जागतिक आरोग्य संघटनेची घटना तयार झाली. तींत आरोग्याची व्याख्या करतांना रोग वा अशक्तता नसणें पुरेसें नाहीं, तर शारीरिक, मानसिक व सामाजिक असें पूर्ण कल्याण पाहिजे, असें म्हटलें आहे. व्याख्या उदात्त खरी. पण त्या ‘पूर्ण’ शब्दानें मोठी अडचण केली. पूर्ण कल्याण कोणाच्या वांट्यास येतें? साठी उलटलेल्या आम्हां मंडळींत तर या मापानें स्वस्थ कोणी उरणारच नाहीं. २०११ सालीं माक्टेल्ड ह्यूबर या डच विदुषीनें आपल्या सहकाऱ्यांसह ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें हाच आक्षेप घेतला, आणि आलेल्या संकटाशीं जुळवून घेऊन आपला व्यवहार आपण चालविण्याची शक्ति म्हणजे आरोग्य, असा नवा विचार मांडिला.

हा विचार महाराष्ट्रास नवा वाटण्याचें कारण नाहीं. लोकमान्य टिळक १९०८ सालीं मंडालेच्या तुरुंगांत गेले. त्यांस मधुमेह होता, आणि इन्सुलिनचा शोध लागला तो त्यांच्या निधनानंतर, १९२१ सालीं. अशा स्थितींत आहाराचें पथ्य सांभाळून त्यांनीं १९१०-११ च्या हिवाळ्यांत गीतारहस्य लिहून काढिलें.

दुसरें उदाहरण तर आमच्या शेजारचें. पेण तालुक्यांतील गागोदें येथें ११ सप्टेंबर १८९५ रोजीं विनोबा भावे यांचा जन्म झाला. देह कृश, पोटांत व्रणाचें जुनें दुखणें, आहार दह्यादुधाचा व मोजका. १८ एप्रिल १९५१ रोजीं तेलंगणांतील पोचमपल्ली येथें भूदानाचा आरंभ झाला, तेव्हां त्यांचें वय पंचावन्न होतें. आणि त्यापुढें सुमारें तेरा वर्षें ते पायीं देशभर हिंडले. वैद्यकाच्या कागदावर हा मनुष्य रोगी; पण त्यांस अस्वस्थ कोण म्हणेल?

मात्र या उदाहरणांचा भलता अर्थ कोणीं घेऊं नये. मन खंबीर असलें म्हणजे औषध नको, असें त्यांतून निघत नाहीं. १९५२ च्या अखेरीस चांडील येथें विनोबांस विषारी हिंवताप झाला. प्रथम त्यांनीं औषध नाकारिलें. पण शेवटीं लोकांच्या आग्रहास मान देऊन तें घेतलें, आणि ते वांचले. पुढील यात्रा त्या औषधानंतरची आहे, हें विसरूं नये.

शिवाय कित्येक रोग असे आहेत कीं ते स्वतः बोलत नाहींत. रक्तदाब वाढला किंवा रक्तांत साखर वाढली तर पुष्कळ वर्षें कांहींच दुखत नाहीं. भारतांत सुमारें १० कोटी लोकांस मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. ‘मला कांहीं होत नाहीं’ हें वाक्य म्हणूनच आरोग्याचा पुरावा ठरत नाहीं. तें मोजूनच पाहावें लागतें.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख मुख्यतः लिहिला ती सांगतों. एकत्र कुटुंबांत मिळवत्या पुरुषाची शिंकसुद्धां सर्वांस ऐकूं येते; पण सर्वांस वाढून मागाहून पानावर बसणाऱ्या सुनेचा थकवा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ती हिंडतेंफिरतें, कामाला वाघ, म्हणून तिची प्रकृति उत्तम, असें आपण धरून चालतों. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ आणि महाराष्ट्रांतील शेंकडा ५४ स्त्रियांच्या अंगीं रक्त कमी असल्याचें दिसून आलें. म्हणजे निम्म्याहून अधिक! हें केवळ दारिद्र्याचें फळ आहे, आपल्या सुशिक्षित घरांशीं त्याचा संबंध नाहीं, असें समजणें सोयीचें असलें तरी शहाणपणाचें नाहीं. जिना चढतांना धाप लागणें, चेहरा फिकट पडणें, उगाच चिडचिड होणें, हीं लक्षणें आपण स्वभावावर ढकलतों. ‘सूनबाई अलीकडे तिरसट झाली’ असें म्हणणाऱ्या सासूबाईंनीं आधीं तिचें रक्त तपासून घ्यावें. हिमोग्लोबिन बारांच्या खालीं असेल तर दोष स्वभावाचा नसून घरांतील व्यवस्थेचा असण्याचा संभव अधिक.

तात्पर्य, स्वस्थ मनुष्याची परीक्षा कठीण नाहीं. भूक वेळेवर लागते काय? झोंप शांत लागते काय? नेमलेलें काम उत्साहानें होतें काय? आलेला राग रात्रीपूर्वीं निवळतो काय? दुखणें असेल तर त्याचें पथ्य कुरकुर न करितां सांभाळलें जातें काय? हे प्रश्न प्रत्येकानें स्वतःस विचारावे. आणि वर्षांतून एकदां रक्तदाब, साखर व हिमोग्लोबिन यांची तपासणी घरांतील सर्वांची, म्हणजे खरोखर सर्वांची, करून घ्यावी. आरंभ स्वयंपाकघरापासून करावा, आणि निदान त्या दिवशीं तरी तेथील माणसांनीं सर्वांबरोबर पानावर बसावें, एवढीच वाचकांस आमची विनंति आहे.