घाम आणि गडगडाट

१३ मे २०२४ च्या संध्याकाळी घाटकोपरला होर्डिंग कोसळलं आणि १७ जणांचा जीव गेला. ती बातमी ताजी असतानाच, १६ मेच्या संध्याकाळी, टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरावर वादळ चालून आलं. ताशी १६० किलोमीटरपर्यंतचे झोत, मध्यवस्तीतल्या उंच इमारतींच्या शेकडो काचा रस्त्यावर, सायप्रस उपनगराजवळ वीजवाहिन्यांचे पोलादी मनोरे आडवे, आणि दहा लाखांच्या आसपास वीजग्राहक अंधारात. गडगडाटी ढगांची अख्खी फळी शेकडो किलोमीटर एकाच दिशेने धावत जाते, त्या प्रकाराला तिकडे ‘डेरेचो’ म्हणतात. घाटकोपरचं वादळ त्या जातीचं नव्हतं. पण ढगातून खाली आदळून आडवा सुटलेला वारा दोन्हीकडे होता.

ह्यूस्टनची खरी परीक्षा मात्र वारा थांबल्यावर सुरू झाली. मनोरे पडलेले, एसी बंद, आणि पारा तिशीच्या वर. ३२-३३ अंशांत काय मोठं, असं चंद्रपूर-अकोल्याचा माणूस म्हणेल. तिथेच गफलत होते.

ह्यूस्टन २९ अंश उत्तर अक्षांशावर, मेक्सिकोच्या आखातापासून तासाभराच्या अंतरावर आहे. उन्हाळ्यात त्या आखाताचं पाणी ३० अंशांच्या आसपास तापतं आणि त्यावरून येणारी हवा वाफेने जड होऊन शहरात शिरते. तापमान ३२ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर दहा बाय बाराच्या खोलीतल्या हवेत सुमारे ८०० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. नागपुरात ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना त्याच खोलीत जेमतेम ३०० ग्रॅम. आणि आता गंमत बघा. अमेरिकेची हवामान सेवा ‘हीट इंडेक्स’ नावाचा आकडा वापरते. रॉबर्ट स्टेडमन यांच्या १९७९ मधल्या संशोधनावर तो उभा आहे. त्या सूत्रात हे दोन्ही दिवस घातले, तर उत्तर जवळपास एकच येतं: ४१ अंशांच्या आसपास. तोही सावलीतला. उन्हात उभं राहिलं की आणखी आठ अंशांपर्यंत भर पडू शकते.

हे असं का, ते घामात आहे. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण उडून गेला, तर तो शरीरातली सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता घेऊन जातो. फावडं मारणाऱ्या मजुराचं शरीर साधारण ४०० वॅट उष्णता तयार करतं. ती बाहेर टाकायला तासाला ६०० ग्रॅम घाम उडावा लागतो. नुसता येऊन चालत नाही, उडावा लागतो. भोवतालची हवा वाफेने भरलेली असेल, तर घाम नाकाच्या शेंड्यावरून, कोपरावरून जमिनीवर ठिबकतो. पाणी गेलं, मीठ गेलं, उष्णता जागच्या जागी. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक जो आकडा दाखवतो, त्याला आर्द्र-तापमान म्हणतात. ते ३५ अंशांवर गेलं की धडधाकट माणूसही सावलीत नुसता बसून काही तासांत दगावू शकतो, असा हिशेब स्टीव्हन शेरवूड आणि मॅथ्यू ह्यूबर यांनी २०१० मध्ये मांडला. पुढे २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी तरुण, निरोगी लोकांना प्रयोगशाळेच्या खोलीत हलकी कामं करायला लावून मोजलं. दमट हवेत शरीराच्या तापमानाचा तोल सुटायला ३१ अंशांच्या आसपासच सुरुवात झाली. म्हणजे कागदावरची मर्यादा चार अंशांनी खाली आली.

आता हीच वाफ वर जाऊ द्या. घामाचं पाणी उडताना जितकी उष्णता घेतं, जवळपास तितकीच वाफ पुन्हा पाणी होताना परत देते. किलोमागे साधारण ०.७ युनिट वीज म्हणा. आकाशात सहज दिसणाऱ्या, एक घन किलोमीटरच्या कापशी ढगात सुमारे ५०० टन पाणी असतं. ते थेंब बनताना साडेतीन लाख युनिटांएवढी उष्णता मोकळी झालेली असते. ती भोवतालच्या हवेला गरम करते, गरम हवा आणखी वर उसळते, खालून आणखी वाफ ओढली जाते आणि तासाभरात ढगाचा डोंगर होतो. त्वचेवर जे बाष्पीभवन अडलं, त्याचीच उलटी बाजू वर ढगाला इंधन पुरवत असते.

ठिणगी बहुधा समुद्राकडून पडते. सकाळी जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, मग आखातावरून आणि गॅल्व्हेस्टनच्या खाडीवरून गार वारा आत सरकतो. हा खारा वारा जिथे तापलेल्या हवेला भिडतो, तिथे ती वर ढकलली जाते. म्हणून उन्हाळ्यात ह्यूस्टनचे ढग बरेचदा दुपारीच वेळेवर हजर होतात. शहरावर विजा जास्त पडतात, हे टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या रिचर्ड ऑरव्हिल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं. तापलेलं काँक्रीट की तेलशुद्धीकरण कारखान्यांचे धूलिकण, यात कोणाचा वाटा किती, हा वाद अजून मिटलेला नाही. २०२१-२२ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने त्यासाठीच शहराच्या परिसरात रडार आणि उपकरणं मांडून वर्षभर मोजमापं घेतली.

ढग कोसळतो तेव्हा पावसाच्या वजनाबरोबर हवाही खाली ओढली जाते. वाटेत कोरड्या थरातून जाताना थेंब उडतात, हवा आणखी गार आणि जड होते. जे बाष्पीभवन मजुराच्या पाठीवर व्हायला हवं होतं, ते इथे फुकट होतं. जमिनीवर आदळलेला हा झोत चहूकडे फाकतो. ह्यूस्टनच्या काचा का फुटल्या, याचा अभ्यास फ्लोरिडा आंतरराष्ट्रीय विद्यापीठातल्या अभियंत्यांनी केला. उंच इमारतींच्या दाटीत असा वारा भिंतींवर आपटून उसळतो, आणि चक्रीवादळाचा वारा गृहीत धरून बांधलेल्या दर्शनी भागांना तो मार सोसत नाही, असा त्याचा सूर आहे.

‘एक सर आली की बरं वाटेल’ हे आपण सगळेच म्हणतो. बरं वाटतंही, अर्धा-पाऊण तास. मग ऊन पडतं, डांबरी रस्त्यावरून वाफा निघतात, पारा थोडा उतरलेला असतो आणि आर्द्रता चढलेली. रात्री तर किनाऱ्यावर तापमान २६-२७ अंशांखाली फारसं जातच नाही. अशात वीज नसेल तर काय होतं, ते २०२४ मध्येच ८ जुलैला बेरिल चक्रीवादळाने दाखवलं. टेक्सासला धडकताना वादळ पहिल्या, म्हणजे सर्वांत सौम्य श्रेणीचं होतं. वीज मात्र ह्यूस्टन परिसरातल्या २२ लाखांहून अधिक ग्राहकांची गेली, अनेकांची कित्येक दिवस. वारा पडल्यावर उष्म्याने माणसं गेली. घरात जनरेटर लावून कार्बन मोनॉक्साइडनेही गेली. केटी, शुगर लँड या उपनगरांत मराठी घरं बरीच आहेत; तिथल्या कोणाला त्या आठवड्याबद्दल विचारलंत तर वाऱ्यापेक्षा उकाड्याच्याच गोष्टी जास्त ऐकायला मिळतील.

आपलं हवामान खातं मैदानी भागात ४० अंशांचा, तर किनाऱ्यावर ३७ अंशांचा उंबरठा धरून उष्णतेच्या लाटेचा विचार करतं. समुद्राकाठी तीन अंशांची ही सूट शहाणपणाची आहे, पण खारघरला एप्रिल २०२३ मध्ये भर दुपारी लाखोंचा मेळावा भरला तेव्हा ती कोणाच्या गणतीत नव्हती.

ह्यूस्टनच्या मध्यवस्तीखाली सुमारे दहा किलोमीटर लांब भुयारी रस्त्यांचं जाळं आहे. कचेरीतली माणसं ऊन आणि पाऊस दोन्ही चुकवत त्यातून जेवायला जातात. वर परांचीवर उभ्या गवंड्याला ती सोय नाही. ऑस्टिन आणि डॅलस या शहरांनी बांधकाम मजुरांना दर चार तासांनी दहा मिनिटं पाण्यासाठी द्या, असा नियम केला होता. २०२३ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने असे स्थानिक नियम राज्याच्या कायद्यापुढे जाऊ नयेत, असा कायदा मंजूर केला. वरच्या हिशेबाने त्या चार तासांत मजुराचा अडीच लिटर घाम उडायला हवा. दमट दिवशी अंगातून त्याहून जास्त जातो, कारण बराचसा न उडता ठिबकतो.