नदी वाचली, पण जमिनीच्या कागदामुळे

कायदा शिकवताना मला एक प्रश्न हमखास येतो, "सर, परदेशी गुंतवणूक हवी की पर्यावरण?" प्रश्न सोपा नाही. आपल्या घराघरातली मुलं परदेशी कंपन्यांत नोकरी करतात आणि त्याच घरांना नळाचं पाणी जवळच्या नदीतून येतं. म्हणून मी उत्तर देण्याआधी एक गोष्ट सांगतो.

मध्य अमेरिकेतला एल साल्वाडोर हा देश गोव्याच्या जेमतेम सहापट. लेम्पा ही त्याची सर्वांत मोठी नदी. पिण्याला, शेतीला, विजेला तिचाच आधार. तिच्या खोऱ्यात पॅसिफिक रिम नावाच्या कॅनडाच्या कंपनीने सोन्याची खाण काढायचं ठरवलं आणि २००४ साली परवाना मागितला. दगडातून सोनं वेगळं करायला सायनाइड लागतं, पाणीही भरपूर लागतं. गावोगावची माणसं विरोधात उभी राहिली. सरकारने परवाना दिला नाही, पण नकारही धड कळवला नाही. अर्ज नुसता पडून राहिला.

२००९ साली कंपनीने देशावर दावा लावला. तोही तिथल्या न्यायालयात नव्हे, तर वॉशिंग्टनमध्ये, जागतिक बँक गटाच्या गुंतवणूक-वाद केंद्रात. तिथे बहुधा तीन लवाद बसतात आणि सरकारने किती भरपाई द्यायची ते ठरवतात. ही सोय बहुतेक वेळा दोन देशांमधल्या करारातून मिळते; एल साल्वाडोरने ती आपल्याच गुंतवणूक कायद्यात लिहून ठेवली होती. ही व्यवस्था मुळात वाईट नाही. उद्या एखाद्या सरकारने चालता कारखाना फुकटात ताब्यात घेतला, तर परक्या गुंतवणूकदाराने दाद कुठे मागायची? त्यासाठीच ती आहे.

ऑक्टोबर २०१६ मध्ये निकाल लागला. सुमारे २५ कोटी डॉलरचा दावा फेटाळला गेला आणि देशाला खर्चापोटी ८० लाख डॉलर देण्याचा आदेश झाला. देशाचा स्वतःचा खर्च मात्र १ कोटी २० लाखांहून जास्त झाला होता. निकालाचं कारण तर त्याहून बोलकं आहे. परवान्यासाठी लागणाऱ्या सगळ्या जमिनीची मालकी किंवा मालकांची संमती कंपनीकडे नव्हती आणि तिचा व्यवहार्यता अहवालही पुरा नव्हता. खाणीने नदीचं काय झालं असतं, या प्रश्नात शिरायची लवादाला गरजच पडली नाही. कागद पुरे असते तर?

त्याचं उत्तर मेक्सिकोत मिळतं. तिथे मेटलक्लॅड या अमेरिकी कंपनीला घातक कचऱ्याच्या प्रकल्पासाठी केंद्र सरकारने हिरवा कंदील दिला होता, पण स्थानिक पालिकेने बांधकामाची परवानगी नाकारली. २००० साली लवादाने मेक्सिकोला सुमारे १ कोटी ६७ लाख डॉलरची भरपाई द्यायला लावली. वरून शब्द दिला आणि खालच्या माणसांना नंतर विचारलं, की असं होतं.

आमच्या फोंडा तालुक्याला हे नवीन नाही. केरीच्या भूतखांब पठारावर अमेरिकेच्या ड्युपॉन्ट आणि थापर यांचा नायलॉन प्रकल्प येणार होता. जमीन ठरली, करार झाले आणि पाण्याच्या काळजीने लोक रस्त्यावर आले ते त्यानंतर. जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला. शेवटी प्रकल्प गोव्यातून गेला. भारत आणि अमेरिका यांच्यात असा गुंतवणूक करार नव्हता, त्यामुळे त्या करारापोटी लवादात जाण्याचा प्रश्नच आला नाही. पण एका तरुणाचा जीव गेला, त्याची भरपाई कोणता लवाद देणार?

भारताने पुढे धडा घेतला. २०११ साली एका ऑस्ट्रेलियन कंपनीने आपल्या न्यायालयांतल्या दिरंगाईवरून भारताविरुद्ध लवाद जिंकला. त्यानंतर गुंतवणूक करारांचा नवा नमुना तयार झाला आणि २०१६ पासून भारताने पन्नासहून अधिक देशांबरोबरचे जुने करार संपवायला घेतले. नव्या नमुन्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. लवादात जाण्याआधी कंपनीने पाच वर्षं भारतातच दाद मागायची. आणि आरोग्य किंवा पर्यावरण राखण्यासाठी भेदभाव न करता केलेले नियम म्हणजे मालमत्ता हिरावून घेणं नव्हे, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. करारात मात्र देवाणघेवाण होतेच. २०२४ साली संयुक्त अरब अमिरातीबरोबर झालेल्या करारात पाचाची तीन वर्षं झाली.

तरी करारातल्या कलमावर विसंबून राहता येत नाही. एल साल्वाडोरने २०१७ साली धातूंच्या खाणींवर कायद्याने बंदी घातली. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्याच संसदेने ती उठवली. त्या वेळी कुठल्या लवादाने भाग पाडलं नव्हतं.

म्हणून माझं उत्तर असं, की समतोल साधायची वेळ प्रकल्प येण्याआधीची असते. नियम आधी स्पष्ट हवेत, नकार द्यायचा तर लवकर आणि कारणं लिहून द्यायला हवा आणि लोकांना शब्द देण्यापूर्वी विचारायला हवं. आपल्याकडे २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार अनेक मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी, स्थानिक भाषेतल्या दैनिकातही यावी लागते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळतो आणि लेखी म्हणणंही देता येतं. तुम्ही बेळगावात असा, इंदुरात की वडोदऱ्यात, आपल्या भागातली अशी सूचना दिसली तर सारांश मागवून वाचा. घरातल्या मोठ्यांना तिथल्या विहिरी, नाले, पाणथळ जागा ठाऊक असतात. त्यांना विचारा आणि ते लिहून पाठवा. प्रकल्पाच्या बाजूने असलात तरी पाठवा. पुढे कधी वाद झालाच, तर नदीबद्दल कागदावर काहीतरी असायला हवं.