पाण्याबाहेरचं मीठ

देवणी म्हटलं की आधी इथला गोवंश आठवतो, आणि मग घरचं लोणकढं तूप. त्या तुपात मिठाची चिमूट टाकून कितीही ढवळा, कण तळाशी तसेच राहतात. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक २५ अंशांना ७८, तुपाचा जेमतेम ३. तुपात आयनांची आपसातली ओढ सुटत नाही. पण खरा हिशोब ऊर्जेचा आहे. एक मोल मिठाचा स्फटिक मोडून आयन सुटे करायला सुमारे ७८७ किलोज्यूल लागतात. पाण्याचे रेणू आयनांना वेढून त्यातले जवळजवळ सगळे परत करतात. उरलेली ४ किलोज्यूलची तूट एन्ट्रॉपी भरून काढते.

माक्स बॉर्न यांनी १९२० साली द्रावकाला एकसंध माध्यम मानून, आयन त्यात शिरताना सुटणाऱ्या ऊर्जेचं सूत्र मांडलं. ते सुंदर आहे, पण अपुरं आहे. ॲसिटोनचा स्थिरांक २१ च्या आसपास. त्यात सोडियम आयोडाइड भरपूर विरघळतं, सोडियम क्लोराइड जवळपास नाहीच. आयोडाइडच्या ॲसिटोनमधल्या द्रावणात योग्य अल्किल क्लोराइड घालून गरम केलं की पांढरं मीठ खाली बसू लागतं. फिंकेलस्टाइन यांची १९१० सालची अभिक्रिया यावरच चालते. क्लोराइड लहान, त्याचा भार एकवटलेला. त्याला पाण्याचे हायड्रोजन बंध हवेत आणि ॲसिटोन ते देऊ शकत नाही. पाण्यातून डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये नेलं तर क्लोराइडची मुक्त ऊर्जा मोलमागे सुमारे ४० किलोज्यूलने वाढते, सोडियमची मात्र उतरते. अर्थात मोजता येते ती जोडीची बेरीज. ती वाटण्यासाठी टेट्राफेनिल आर्सोनियम आणि टेट्राफेनिल बोरेट या दोन थोराड आयनांचा वाटा समसमान धरतात. हे गृहीतकच आहे, तरी त्याच्याइतकं कामाचं दुसरं मला दिसत नाही.

लिथियम बॅटरीत हे सगळं एकत्र येतं. तिथल्या डायमिथाइल कार्बोनेट या द्रावकाचा स्थिरांक तुपाइतकाच, ३ च्या घरात. पण ते पातळ असल्याने आयन झपाट्याने हलतात. जोडीच्या एथिलीन कार्बोनेटचा ९० च्या आसपास, मात्र ते ३६ अंशांना वितळतं: देवणीच्या मे महिन्यात आपोआप, थंडीत दगड. म्हणून दोन्हींचं मिश्रण, आणि त्यात लिटरला साधारण एक मोल लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट.

महाराष्ट्रात द्रावणांच्या मोजमापाची परंपरा आहे. जळगावच्या विद्यापीठातले प्रा. के. जे. पाटील आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी टेट्राअल्किल अमोनियम क्षारांची घनता आणि संपीड्यता पाणी व ब्युटॉक्सीएथेनॉलच्या मिश्रणांतही मोजली. घनता आणि ध्वनीचा वेग, एवढ्या दोन आकड्यांवरून आयनाभोवती द्रावक किती आवळला गेला ते कळतं. बॅटरीच्या द्रावणांत हेच मोजायचं तर अडचण असते ती ओलाव्याची. पाण्याचा अंश जरी राहिला तरी त्यातल्या लिथियम क्षारापासून हायड्रोजन फ्लुओराइड तयार होतं. कार्ल फिशर यांनी १९३५ साली दिलेल्या अनुमापनाने आधी पाणी तपासायचं आणि मगच घनतेला हात घालायचा.

आता सोडियम-आयन बॅटऱ्या येत आहेत. सोडियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेटचे कार्बोनेट मिश्रणांतले, शून्यापासून पन्नास अंशांपर्यंतचे घनतेसारखे विश्वासार्ह आकडे त्यांना लागणार. कोरडी पेटी आणि चांगला घनतामापक एवढं मिळालं, तर त्यातले काही नांदेड-उदगीरच्या प्रयोगशाळांत मोजले जावेत, असं मला मनापासून वाटतं.