सिकाडा ओळखायचा तर कान लावा

नागपूरच्या नंदनवन भागात कडुनिंबाच्या खोडावर सिकाडा दिसला, तर आज कोणीही मोबाइलवर त्याचा फोटो काढेल आणि ॲपला नाव विचारेल. ॲप नाव देईलही, पण जवळच्या जातींच्या बाबतीत त्या नावावर भिस्त ठेवू नये. जगात सिकाडाच्या ३,०००हून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या कित्येक पाठीवरून पाहता सारख्याच वाटतात. जाणकार कीटक उलटा करून पाहतात. पुढच्या पायाच्या मांडीवरचे काटे, नराच्या पोटाखालच्या दोन चपट्या झाकणांची लांबी, जननेंद्रियांची घडण, हे सगळं ते तपासतात. फोटोत यातलं बहुधा काहीच येत नाही. हाती नमुने असूनही चूक होते, ती वेगळीच. गोव्यापासून कन्याकुमारीपर्यंत आढळणाऱ्या एका सिकाडाला दीर्घकाळ 'पुराना टायग्रिना' म्हटलं जात होतं. ती मुळात मलेशियाकडची जात. आपल्याकडची वेगळी निघाली आणि २०२५मध्ये तिला 'पुराना चीवीडा' हे स्वतंत्र नाव मिळालं. नाव एकदा चिकटलं की ते पुन्हा तपासायला सहसा कोणी जात नाही.

म्हणून माझा भर आवाजावर आहे. रातकिडा पंख घासतो. नर सिकाडाच्या पोटाच्या दोन्ही कुशींना मात्र कण्या असलेला ताठ पडदा असतो. आतल्या स्नायूने ओढला की तो आत दबतो, सोडला की उसळून बाहेर येतो आणि पोकळ पोट तो नाद वाढवतं. मादी सहसा आपल्याच जातीच्या हाकेला दाद देते, म्हणजे जातीची सीमा खुद्द कीटकच आवाजाने आखतात. अमेरिकेत तेरा वर्षांनी निघणाऱ्या सिकाडांमध्ये २००० साली एक नवी जात वेगळी काढली गेली, ती याच खुणेवर. जुन्या जातीची हाक सुमारे १.१ किलोहर्ट्झची. नवीची एरवी १.४ची, पण दोघी एकत्र राहतात तिथे ती १.७पर्यंत चढते. गोंधळ होण्याची शक्यता जिथे जास्त, नेमका तिथेच फरक रुंदावतो, हे मला फार बोलकं वाटतं.

उन्हाच्या तीव्रतेने आवाज बदलतो, हा आक्षेप खरा आहे. पण त्यावर तापमान नोंदवणं हा साधा उपाय आहे. मादी मुकी असते, हेही खरं. तिच्यासाठी शरीररचना किंवा डीएनए लागणारच. पण मग सरळ डीएनएच का नको? कारण दोन नमुन्यांत फरक किती, एवढंच तो सांगतो. ते एकमेकांशी जोडी जमवतात का, याचा अंदाज हाकेवरून येतो. अमेरिकेतल्या त्या जातीत आवाज, पोटाचा रंग आणि डीएनए या तिन्हींनी एकच साक्ष दिली, म्हणून तो निर्णय पक्का ठरला.

नागपूरकरांनी फोटोसोबत मिनिटभर आवाजही टिपावा. तारीख, वेळ, झाड आणि तापमान लिहावं आणि खात्री होईपर्यंत जातीची जागा कोरी ठेवावी.